पहिल्या पानावरची गर्दी

‘सन २०९१. समुद्राची पातळी वाढल्यामुळे नवी मुंबईचे तीन भाग पडले होते : ऊर्ध्वनगर, मध्यनगर आणि भरतीपट्टा. तिन्हींवर जलनियमन प्राधिकरणाची, म्हणजेच जनिप्राची सत्ता होती. जनिप्राची स्थापना २०६३च्या महाउधाणानंतर झाली. घर समुद्रसपाटीपासून किती उंचावर आहे त्यावरून नागरिकांना अ, ब, क आणि ड असे दर्जे दिलेले होते...’

एका विज्ञानकथेच्या हस्तलिखिताची ही सुरुवात. पुढे दर्जांचे नियम येतात, मग खाडीवरच्या पाणदारांची रचना, मग एकदम मागे उडी मारून १९७० साली झालेली, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना. कथेचा नायक पहिल्याच पानावर खिडकीशी येऊन उभा राहिला आहे. चौथ्या पानापर्यंत तो तिथून हलत नाही, कारण त्याच्या लेखकाचं सांगून संपलेलं नाही.

नेरुळमध्ये राहणारी एक संपादिका दर पावसाळ्यात अशी हस्तलिखितं वाचते. एका दिवाळी अंकासाठी विज्ञानकथा आणि अद्भुतकथा निवडायच्या, लेखकांशी बोलून त्या नीट करून घ्यायच्या, हे तिचं काम. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली आणि पुढे ‘नवल’, ‘धनंजय’ यांसारख्या अंकांनी अद्भुताला, भयाला, रहस्याला हक्काची जागा दिली. अंक दिवाळीत यायचा, म्हणजे मजकूर गणपतीच्या सुमारास हातावेगळा व्हायला हवा. त्यामुळे जून-जुलैत तिच्या टेबलावर मंगळावरच्या वसाहती, बुडालेली शहरं आणि बोलणारी यंत्रं यांची थप्पी लागते.

तिच्या हातात पेन्सिल असते. वाचकाने लक्षात ठेवायलाच हवं असं प्रत्येक नवं नाव, नवी संस्था, नवा नियम यांच्याभोवती ती वर्तुळ काढते. कुठलीही सूचना लिहीत नाही, नुसती वर्तुळं. वरच्या पानावर ती इतकी झाली, की लेखकाला ते पान परत मिळालं तेव्हा वेगळं काही सांगावं लागलं नाही. नव्या सुनेला उंबरठा ओलांडताक्षणी आत्या, मावश्या, चुलतसासरे आणि त्यांची मुलं एका दमात ओळख करून द्यावीत आणि रात्री विचारावं, ‘सांग पाहू, जळगावच्या वन्सं कोणत्या?’ तशी त्या पानावर वाचकाची गत होते. तो विसरतो आणि विसरल्याबद्दल स्वतःलाच दोष देतो. मग अंक मिटून ठेवतो.

या कामाआधी संपादिका ऐरोलीतल्या एका कंपनीत यंत्रांची माहितीपुस्तकं लिहायची. पाण्याचे पंप, त्यांचे नियंत्रक, त्यांवर लुकलुकणारे दिवे. ते लिखाण कोरडं, पण त्यातून तिला एक गोष्ट कायमची कळली. माहितीपुस्तक उघडणारा माणूस प्रश्न घेऊन आलेला असतो. पंप बंद पडलाय, लाल दिवा तीनदा लुकलुकतोय, वरून सोसायटीतले लोक ओरडतायत. त्याला तीनदा लुकलुकण्याचा अर्थ हवा असतो आणि तो मिळाला की पुस्तक कितीही रुक्ष असो, तो खूश. कथेचा वाचक रिकाम्या हाताने येतो. जनिप्रा कधी स्थापन झाली, हे त्याने विचारलेलं नसतं. त्याला ते विचारावंसं वाटणं हे लेखकाचं आधीचं काम, आणि उत्तर हे त्यानंतरचं. संपादिकेचं आजचं सगळं काम या दोन कामांचा क्रम लावण्यात जातं.

नव्या लेखकांशी बोलताना ती हटकून एका कथेपाशी येते.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा आली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. हे जगताप म्हणजे तेव्हा टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असलेले जयंत विष्णू नारळीकर. आपल्या आद्याक्षरांचा क्रम त्यांनी उलटा केला होता आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथेची प्रत पत्नी मंगला यांच्याकडून लिहून घेतली होती. खगोलशास्त्रज्ञ म्हणून नाव झालेल्या माणसाने स्पर्धेत अनोळखी म्हणून उतरणं हा किस्सा बहुतेकांना ठाऊक असतो. संपादिकेचा भर मात्र त्यांच्या दुसऱ्या एका कथेवर असतो, ती म्हणजे ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. नेरुळ-वाशीतल्या केंद्रीय मंडळाच्या शाळांतल्या मुलांनीही ती वाचलेली असते, कारण तिचा संक्षेप ‘द ॲडव्हेंचर’ या नावाने एनसीईआरटीच्या अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ या पुस्तकात आहे.

या कथेतलं जग समजावून सांगायला महाकठीण. १४ जानेवारी १७६१ला पानिपतावर विश्वासराव गोळी लागून पडले नाहीत, मराठे जिंकले, दिल्लीवर त्यांचा वचक बसला, इंग्रजांना हातपाय पसरता आले नाहीत आणि विसाव्या शतकातही ईस्ट इंडिया कंपनी मुंबईत दुकान मांडून बसली आहे. दोनशे वर्षांचा उलटा इतिहास! तो सांगायला बसलं तर पन्नास पानं सहज भरतील.

नारळीकर इतिहास सांगत नाहीत. ते आपल्या जगातून तिथे पोचलेल्या गंगाधरपंतांना पुण्याहून मुंबईच्या गाडीत बसवतात. गाडीचं नाव जिजामाता एक्स्प्रेस, आणि ती डेक्कन क्वीनपेक्षा वेगाने धावते. पुण्याबाहेर कारखान्यांच्या वसाहती दिसत नाहीत. घाट मात्र ओळखीचाच. कर्जतला गाडी जेमतेम थांबते, कल्याण धडाडत मागे पडतं. मग लांब बोगदा, आणि तो संपल्यावर एक लहानसं स्टेशन : सरहद्द. गणवेशातला अँग्लो-इंडियन माणूस डब्यातून परवाने तपासत फिरतो. समोरचे खानसाहेब सहज विचारतात, पहिल्यांदाच जाताय वाटतं? इथून इंग्रजांचं राज्य सुरू होतं.

कल्याणनंतरचा लांब बोगदा म्हटलं, की मुंबईकडच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे पारसिक येतो. तीच डोंगररांग नवी मुंबईच्या पाठीशी उभी आहे. त्या ओळखीच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर परकं राज्य लागतं, यात जी गंमत आहे ती नकाशा छापून आली नसती. आणि परवाना तपासणारा माणूस कुणालाही काही समजावून देत नाही. तो आपली नोकरी करतो. कुठल्याही जगात नियम असाच भेटतो, तिकीटखिडकीवर, नाक्यावर, रांगेत.

पण संपादिकेला या कथेतलं सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं ते पुढचं. मुंबईत पोचल्यावर गंगाधरपंत टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जातात आणि इतिहासाच्या पुस्तकांत पानिपत शोधतात. तोपर्यंत वाचकही कासावीस झालेला असतो. हे झालं कसं? गोळी विश्वासरावांच्या कानाला चाटून गेली, हे बखरीत सापडतं तेव्हा इतिहासाचा तो परिच्छेद वाचक अधाशासारखा वाचतो. आणि शेवटी, गंगाधरपंत आपल्या जगात परत आल्यावर, त्यांचे मित्र राजेंद्र देशपांडे त्यांना आपत्ती सिद्धांत आणि पुंजयामिकी समजावून देतात. ते सरळसरळ व्याख्यान आहे. विज्ञानकथेत नको म्हणून सांगतात तेच. तरी ते कुणाला टोचत नाही, कारण खिशात उरलेल्या बखरीच्या फाटक्या पानाचा उलगडा झाल्याशिवाय वाचक उठणार नसतो. हेच व्याख्यान पुण्याच्या स्टेशनवर दिलं असतं तर?

मराठी लेखकाच्या हाताशी आणखी एक सोय आहे आणि ती नारळीकरांनी भरपूर वापरली. ‘यक्षांची देणगी’, ‘अंतराळातील भस्मासूर’, ‘वामन परत न आला’. या शीर्षकांतच जगाचे अर्धे नियम सांगून झाले आहेत. भस्मासूर म्हटल्यावर वर देणाऱ्यावरच उलटणारी शक्ती कळते. वामन म्हटल्यावर आधी लहान दिसून मग सगळं व्यापणारं कुणीतरी येणार, ही धास्ती पहिल्या पानाआधीच मनात बसते. कथेतला यंत्रमानव काय करू शकतो याचं कोष्टक मग द्यावं लागत नाही.

‘उजव्या सोंडेचा गणपती’मध्ये हीच युक्ती आणखी बारकाईने आली आहे. एखादी वस्तू मोबियस पट्टीसारख्या पीळ असलेल्या अवकाशातून फिरून आली तर तिची आरशातली प्रतिमा होऊन परत येईल, ही त्या कथेमागची कल्पना. भूमितीतून सांगायला गेलं तर डोकं धरायची वेळ. पण डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा झाला, हे मराठी घरात लगेच कळतं. उजव्या सोंडेचा गणपती कडक, त्याचं सोवळंओवळं वेगळं, तो घरात सहसा बसवत नाहीत. प्रभादेवीच्या सिद्धिविनायकाची सोंड उजवी आहे, हे शाळकरी पोरही सांगेल. वाचकाकडे आधीपासून जमा असलेलं असं ज्ञान वापरलं की समजावण्याचा निम्मा खर्च वाचतो. संपादिका लेखकाला विचारते, ‘तुझ्या कथेतलं हे यंत्र वाचकाच्या घरातल्या कुठल्या गोष्टीशी नातं सांगतं?’ उत्तर नसेल तर ती त्याला आठवडाभर विचार करायला लावते.

लेखनाच्या शिबिरांमधून आलेली मुलं एक मंत्र घोकत येतात : सांगू नका, दाखवा. संपादिकेला तो अर्धाच पटतो. आपल्याकडे सांगण्याची परंपरा जुनी आणि देखणी आहे. वाशीच्या ज्या नाट्यगृहात ती नाटकं बघते त्याला विष्णुदास भावे यांचं नाव आहे. १८४३ साली सांगलीत भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं तेव्हा सूत्रधार रंगमंचावर उभा राहून पदं गात कथानक सांगत असे आणि पात्रं त्याबरहुकूम वावरत. नारदीय कीर्तनात तर समजावण्याला वेगळा डबाच जोडलेला आहे. पूर्वरंगात अभंग घेऊन निरूपण, उत्तररंगात आख्यान. श्रोते निरूपण ऐकून घेतात, कारण बुवांचा आवाज, त्यांचे दाखले, मधूनच घेतलेला चिमटा यांत रस असतो आणि पुढे गोष्ट येणार याची हमी असते.

म्हणजे सरळ सांगायला हरकत नाही, पण सांगणारा ऐकावासा वाटला पाहिजे. हस्तलिखितांमधला सांगणारा बहुधा सरकारी अहवालाच्या आवाजात बोलतो. तेच एखाद्या चिडक्या म्हातारीने, बढाईखोर खलाशाने किंवा परीक्षेत कॉपी करणाऱ्या पोराने सांगितलं की वाचक थांबतो. दोन पात्रांनी एकमेकांना आधीच माहीत असलेलं बोलून दाखवणं, हा मात्र तिचा नावडता प्रकार. ‘तुला तर ठाऊकच आहे, की आपल्या वसाहतीत प्राणवायूचा कोटा महिन्याला ठरलेला असतो’ असं वाक्य आलं की ती लेखकाला विचारते : ठाऊक आहे, तर सांगतोय कशाला? त्याऐवजी दोघांना त्या कोट्यावरून भांडायला लावलं, की एकाच्या रागातून कोटाही कळतो आणि माणसंही.

पडद्यावरच्या उदाहरणासाठी ती ‘तुंबाड’चं नाव घेते. राही अनिल बर्वे दिग्दर्शित हा २०१८चा चित्रपट हिंदी आहे, पण त्याची माती कोकणातली आणि नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून घेतलेलं. सुरुवातीला बाप, विनायक, मुलाला हस्तर या हावऱ्या देवाची दंतकथा थोडक्यात सांगतो. हा झाला पूर्वरंग. त्यानंतर समजावणं जवळजवळ थांबतं. विनायक सोन्याची नाणी घेऊन येतो हे आधी दिसतं. ती तो कशी मिळवतो हे पुढे कळतं. पिठाचं वर्तुळ, कणकेची बाहुली, हस्तरच्या कमरेच्या लंगोटातून खेचून काढायची नाणी, ही सगळी रीत आपण कामाला लागलेल्या माणसाच्या हालचालींतून शिकतो. आणि एका बाहुलीला एक हस्तर येतो, हा नियम कुणी तोंडाने सांगत नाही. बापलेक हावेपोटी पुष्कळ बाहुल्या घेऊन खाली उतरतात, तेव्हा तो नियम काय होता हे त्यांच्याबरोबरच आपल्याला कळतं आणि अंगावर काटा येतो. नियम सांगण्याची उत्तम वेळ बहुधा तो महागात पडण्याच्या जरा आधीची किंवा ऐन त्याच क्षणाची असते.

तर ते २०९१चं हस्तलिखित. लिहिणारा मुलगा घणसोलीच्या गावठाणातला, शिक्षणाने स्थापत्य अभियंता. वर्तुळांनी भरलेली पानं घेऊन तो सीवूड्सच्या एका हॉटेलात संपादिकेला भेटायला आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. चहा येईपर्यंत तो गप्प होता. मग म्हणाला, ‘मॅडम, पाणदारं काढतो. जनिप्रापण काढतो. पण सिडकोचं काढलं तर ही गोष्ट कुणाचीही होईल.’

ती त्याला ‘का?’ एवढंच म्हणाली आणि तो बोलत सुटला. जून १९६५मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी ‘मार्ग’ या नियतकालिकात खाडीपलीकडच्या जुळ्या शहराची कल्पना मांडली. १९७०मध्ये सिडको आली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या, ३४४ चौरस किलोमीटर पसरलेल्या मुलखावर कागदावर शहर आखलं गेलं. भातशेती, मिठागरं, मासेमारीच्या जागा गेल्या. जानेवारी १९८४मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, उरण तालुक्यात गोळीबार झाला, पाच जण गेले. त्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं धोरण आलं. त्याच्या घरात हे सगळं रोज जेवताना बोललं जायचं. शाळेच्या पुस्तकात मात्र त्याला ते कधी भेटलं नव्हतं. म्हणून मिळालेल्या पहिल्या पानावर त्याने ते सगळं ओतलं होतं.

माहितीचा भार बहुतेक वेळा असाच येतो. लेखकाला जे आतून लागलेलं असतं तेच तो घाईघाईने आधी सांगून मोकळा होतो. अशा मजकुरावर नुसती काट मारली तर पान सुटसुटीत होतं आणि कथेतला जीव जातो. तेव्हा ठेवायचं सगळं. जागा आणि आवाज बदलायचे, असं ठरलं. संपादिकेने त्याला विचारलं, ‘तुमच्या घरी साडेबारा टक्के म्हणजे काय हे कुणी कुणाला समजावतं का?’ तो हसला. नवी मुंबईच्या गावांमध्ये ‘साडेबारा टक्क्याचा प्लॉट’ हे शब्द इतके रुळलेले आहेत, की कशाचे साडेबारा टक्के, हे विचारणारा बाहेरचा ठरतो. त्या बोलण्यातला अभिमान, भांडण, भावकीतल्या वाटण्या ऐकणाऱ्याला आपोआप कळतात आणि टक्केवारी तो मागाहून कुणाला तरी विचारून घेतो.

‘घरात सगळ्यात जास्त कोण भांडतं?’ तिने विचारलं.

‘आजी. तिला सेक्टर म्हटलेलं चालत नाही. रिक्षावाल्याला अजून शेतांची नावं सांगते.’

पुढच्या खर्ड्यात नायकाला खिडकीतून रजा मिळाली आणि कथा अशी सुरू झाली :

‘भरतीचं तिकीट ओहोटीच्या दुप्पट, हे आजीला मान्य नव्हतं.

“खाडी कुणाची?” तिने तिकीटवाल्याला विचारलं.

“आजी, उतरायचं कुठे ते बोला. सेक्टर?”

“सेक्टर तुझ्या घरी. मला मिठागराच्या बांधावर उतरव.”

तिकीटवाल्याने यंत्रावर बरंच शोधलं. “असा स्टॉप नाही.”

“तुझ्या यंत्रात नाही,” आजी म्हणाली आणि होडीत जाऊन बसली. तिच्या मनगटावरची पट्टी “ड” दाखवत होती, म्हणून तिला मागची, भिजणारी जागा मिळाली.’

मूळ पानावरचं बरंचसं इथे आलं आहे. पाणी चढलंय, रस्त्यांच्या जागी होड्या आहेत, भाडं भरती-ओहोटीवर ठरतं, माणसांना दर्जे आहेत आणि ‘ड’ दर्जाच्या वाट्याला भिजणं येतं. जुनी नावं पुसली गेली आहेत आणि एक म्हातारी ती पुसू देत नाही. संपादिकेच्या पेन्सिलीने इथे दोनच वर्तुळं काढली : मिठागराचा बांध आणि ‘ड’. दोन्हींबद्दल वाचकाला कुतूहल वाटतं आणि दोन्हींची उत्तरं कथेत पुढे येतात.

सिडकोच्या स्थापनेचा, गेलेल्या जमिनींचा, १९८४च्या गोळीबाराचा परिच्छेद कथेत अजूनही आहे. तो मध्यावर गेला आहे. प्राधिकरणाची माणसं आजीला घर रिकामं करायला सांगतात, सगळा भरतीपट्टा निघून जातो आणि ती एकटी जात नाही. ‘ही बाई हटत का नाही?’ असं वाचक मनात म्हणतो तेव्हा निवेदक सरळ सांगू लागतो. वर्षांसकट, गावांच्या नावांसकट. पानभर सांगतो. त्यातला एक शब्दही कापावा लागला नाही.

पाणदारांची तीन पानं मात्र गेली. नवी मुंबईचा सखल भाग पाण्याखाली जाऊ नये म्हणून सिडकोने होल्डिंग पाँड बांधले, त्यांना झडपांचे दरवाजे आहेत. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने झडप उघडते आणि पाणी खाडीत जातं. भरतीला बाहेरच्या पाण्याने ती बंद होते आणि पावसाचं पाणी तळ्यात थांबून राहतं. मुलाने ही यंत्रणा आकृतीसह समजावली होती, आणि ती अचूक होती. पण कथेला त्यातलं हवं होतं एवढंच, की भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले तर पाण्याला जायला जागा नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हापासून मुंबई परिसरातल्या माणसाला ही भीती शिकवावी लागत नाही. त्यामुळे कथेत आता आजीच्या भिंतीवर भरतीचं वेळापत्रक टांगलेलं आहे आणि ती ढगांकडे बघून त्यातल्या एका वेळेवर बोट ठेवते.

कुठे थांबायचं, हे ठरवायला संपादिकेची एक रीत आहे. पहिली दोन पानं ती सोसायटीतल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला किंवा बेलापूरच्या ग्रंथालयात भेटणाऱ्या निवृत्त गृहस्थांना वाचायला देते. कशी वाटली, हे विचारत नाही. ‘आता तुम्हाला काय जाणून घ्यायचंय?’ एवढं विचारते आणि ते सांगतील तसं लिहून घेते. ‘काही नाही’ असं उत्तर आलं तर पान फसलं. प्रश्न आले तर ती त्यांची दोन गटांत विभागणी करते. ‘हे बोलतंय कोण? ते कुठे उभे आहेत? याला हवंय काय?’ हा पहिला गट. यांतला प्रश्न आला तर उत्तर त्याच पानावर द्यायचं, कारण इथे वाचक चाचपडतोय. ‘आजीला मागे का बसवलं? बांध कुठे गेला?’ हा दुसरा. तिथे वाचक ओढला जातोय, त्याला जरा थांबवायला हरकत नाही.

हा फरक न कळल्यामुळे उलट्या टोकाची हस्तलिखितंही येतात. समजावणं वाईट, एवढंच ऐकून लेखक सगळंच लपवतात. पाच पानं होतात तरी पात्र माणूस आहे की यंत्र, हे कळत नाही, आणि लेखक गूढ साधल्याच्या आनंदात असतो. गूढ आणि गोंधळ वाचकाला वेगवेगळे जाणवतात. पहिल्यात तो पुढे सरकतो, दुसऱ्यात मागची पानं चाळतो.

जगाचा पसारा लेखकाने तयार करू नये, असं तिचं म्हणणं मुळीच नाही. उलट ती लेखकांकडे त्यांची वही मागते, ज्यात नकाशे, वंशावळी, नाणी, सणवार लिहिलेले असतात. टोल्किनने ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या १९५५ साली आलेल्या शेवटच्या खंडाला परिशिष्टं जोडली, फ्रँक हर्बर्टने १९६५च्या ‘ड्यून’च्या शेवटी शब्दसूची दिली. दोघांनीही ती सामग्री मागे ठेवली, पुढे नाही. ज्याला घर आवडलं तो माळ्यावर चढून बघेल. दिवाळी अंकातल्या दहा-बारा पानांच्या कथेला परिशिष्ट परवडत नाही. तरीही वहीचा उपयोग होतो, कारण आजीचं तिकीट दुप्पट का, हे लेखकाला पक्कं ठाऊक असेल तर तिकीटवाल्याच्या आवाजात खात्री येते. वही कोरी असेल तर तो उगाच लांबण लावतो.

गेल्या काही वर्षांत या कामात कानाची भर पडली आहे. अंकातल्या निवडक कथांचं आता ध्वनिमुद्रण होतं आणि त्या लोकलमध्ये, गाडी चालवताना, भाजी निवडताना ऐकल्या जातात. ऐकणाऱ्याला मागचं पान चाळता येत नाही. अवतरणचिन्हं दिसत नाहीत, त्यामुळे कोण बोललं ते वाक्यातच यावं लागतं. ‘जनिप्रा’सारखं आद्याक्षरी नाव कागदावर निभावतं, कानाला ते शिंकल्यासारखं ऐकू येतं. नवा शब्द पहिल्यांदा आला की दोन-तीन वाक्यांच्या आत तो पुन्हा, कुठल्यातरी कृतीला चिकटून, यावा लागतो. नाहीतर वाशीचा पूल ओलांडेपर्यंत निसटतो.

यंदाच्या मंगळावरच्या कथेत त्यावरूनच वाद झाला. लेखक साठीचे, भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. त्यांच्या दोन नायिका निवा आणि नीरा. कागदावर दोघी ठळक वेगळ्या, पण वाचणाऱ्या कलाकाराने पहिला प्रवेश वाचला तेव्हा ऐकणाऱ्यांना शेवटपर्यंत कळेना, की घुमटाचं दार कुणी उघडलं आणि आत कोण अडकलं. संपादिकेने फोन करून निवाचं नाव बदलायची परवानगी मागितली. प्राध्यापकांनी निवा या नावामागचं खगोलशास्त्रीय कारण अर्धा तास समजावलं. कथेत ते कुठेच नव्हतं. अखेर ध्वनिमुद्रणात निवाची गोदा झाली. अंकाच्या छापील प्रतीत मात्र निवाच राहावी, असा त्यांचा आग्रह आहे आणि मुद्रितं जाईपर्यंत त्यांचा फोन रोज येणार, हे संपादिकेने धरून ठेवलं आहे.